बाईंच्या वाट्याला किती मुले?

भूम-परंड्याकडील पालकांनी अडीच-तीन वर्षांचे अपत्य बालवाडीत घालण्यापूर्वी केवळ पटावरील आकड्यावर विसंबू नये. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने ३ वर्षांखालील १० आणि ३ ते ६ वयाच्या २० बालकांमागे १ प्रौढ व्यक्ती असावी असे प्रमाण सांगितले असले, तरी त्याची खरी खातरजमा दफ्तरात होत नसून, एका बाळाची ओली चड्डी बदलावयास बाई आत गेल्या असता नळापाशी हात धुणाऱ्या उरलेल्यांवर लक्ष कोणाचे, तेथे होते. अंगणवाडीत सामान्यतः सेविका व मदतनीस अशा दोघी असतात, परंतु मदतनिसांचा बराच वेळ स्वच्छतेत व आहारवाटपात जातो, म्हणून त्यांना पूर्ण गणतीत धरणे मला उचित वाटत नाही. ऊसतोडीस गेलेली कुटुंबे परतल्यावर हजेरी किती होते, हेही अवश्य विचारावे.