किरकोळ गुन्ह्याचे समन्स : आरोप किती स्पष्ट असला पाहिजे?

दुकानासमोर गासड्या उतरवताना रस्ता अडला, मीटरपट्टीवर मुदतीतला शिक्का नव्हता, शेजारच्या दुकानदाराशी बोलाचाली झाली. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना कोर्टाचे समन्स येते ते बहुधा अशाच किरकोळ बाबींवर. समन्स हातात पडले की, दंड भरून मोकळे व्हावे, हाच विचार पहिल्यांदा मनात येतो. आपल्याविरुद्ध नेमके काय लिहिले आहे हे वाचण्याची तसदी थोडेच लोक घेतात. वास्तविक मुकदम्याची खरी गोम तिथेच असते.

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. ज्या गुन्ह्याला दोन वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, त्याचा खटला 'समन्स खटला' म्हणून चालतो. अशा खटल्यात रीतसर दोषारोप, म्हणजे उर्दूत ज्याला आपण फर्द-ए-जुर्म म्हणतो, तो तयार करण्याची गरज नाही. यावरून बऱ्याच जणांचा समज होतो की किरकोळ मामल्यात आरोप मोघम असला तरी चालतो. हा समज चुकीचा आहे. कलम २७४ सांगते की आरोपी हजर झाल्यावर मॅजिस्ट्रेटने त्याला गुन्ह्याचा तपशील सांगितला पाहिजे आणि मगच गुन्हा कबूल आहे काय, बचावात काही सांगायचे आहे काय, हे विचारले पाहिजे. सवलत आहे ती नमुन्यापुरती. तपशिलाला सवलत नाही.

तपशील म्हणजे काय? मोठ्या खटल्यांतील दोषारोपाबद्दल कलम २३५ जे सांगते तेच इथे समजून घेण्यास उपयोगी आहे : वेळ, ठिकाण, कोणाविरुद्ध आणि कोणत्या वस्तूबाबत. आपण बिल करतो तेव्हा "कापड दिले, पैसे द्या" एवढेच लिहून भागत नाही. तारीख, ठाण किती, मीटर किती, भाव काय, हे लिहावे लागते, नाहीतर गिऱ्हाईक विचारणारच की कोणता माल? आरोपीलाही हाच सवाल करण्याचा हक्क आहे.

रस्ता अडवण्याचेच उदाहरण घ्या. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १०२ मध्ये पेटी, गासडी किंवा गठ्ठा रस्त्यावर वाजवीपेक्षा जास्त वेळ ठेवणे हा गुन्हा आहे. म्हणजे माल उतरवणे हा गुन्हा नव्हे, जास्त वेळ ठेवणे हा गुन्हा. तेव्हा किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत माल पडून होता, हे फिर्यादीत नसेल तर गुन्ह्याचा गाभाच गहाळ आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर कोणा व्यक्तीला अडथळा, धोका किंवा इजा झाली पाहिजे. "आरोपीने रहदारीस अडथळा केला" एवढ्या ठरावीक वाक्यातून कोणाला, कसा, हे कळत नाही.

तारखेचे महत्त्व दुहेरी आहे. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. एक वर्षापर्यंत कैद असेल तर मुदत एक वर्षाची. तारीखच नसेल तर मुदत मोजणार कशी? शिवाय १ जुलै २०२४ पूर्वीची घटना असेल तर जुना दंड कायदा लागतो. रस्ता अडवण्याला जुन्या कायद्यात जास्तीत जास्त २०० रुपये दंड होता, आता तो ५,००० रुपयांपर्यंत आहे.

काही गुन्ह्यांत ते कोणत्या रीतीने केले हेही लिहावे लागते. कलम २३६ मधील उदाहरणेच बोलकी आहेत. चोरीच्या आरोपात रीत सांगण्याची गरज नाही. पण फसवणूक किंवा सरकारी नोकराच्या कामात अडथळा असा आरोप असेल तर तो कसा केला हे सांगितलेच पाहिजे. कायद्यातले आणखी एक उदाहरण तर व्यापाऱ्यांसाठीच लिहिल्यासारखे आहे. दोघांमध्ये अनेक व्यवहार झालेले असताना कोणत्या व्यवहारात फसवणूक झाली हे आरोपात नसेल, आरोपीला ते कळण्याचा मार्ग नसेल आणि त्यामुळे त्याने बचावच केला नसेल, तर ती चूक गंभीर मानता येते.

मात्र प्रत्येक त्रुटीने खटला पडतो असे समजू नये. कलमाचा आकडा चुकला किंवा नावात अक्षर चुकले, एवढ्याने काही होत नाही. त्या चुकीने आरोपीची दिशाभूल होऊन न्यायाची हानी झाली काय, हे कोर्ट पाहते. सुप्रीम कोर्टाने १९५५ साली विली स्लेनी खटल्यात हेच तत्त्व विस्ताराने मांडले. आणि हरकत वेळेवर घेतली होती काय, हेही पाहिले जाते. म्हणून तपशील अपुरा वाटला तर पहिल्याच तारखेला वकिलामार्फत लेखी हरकत घ्यावी. आरोप निराधार वाटल्यास कारणे नोंदवून आरोपीला मुक्त करण्याचा अधिकार नव्या कलम २७४ ने मॅजिस्ट्रेटला दिला आहे.

आपण स्वतः फिर्यादी असू तेव्हाही हाच नियम. अदखलपात्र बाबीत पोलीस नोंद करून घेतात आणि आपल्याला मॅजिस्ट्रेटकडे जाण्यास सांगतात. त्यांच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. चेक न वटल्याची फिर्याद करताना कंपनीच्या सगळ्या डायरेक्टरांची किंवा पेढीच्या सगळ्या भागीदारांची नावे घातली की काम फत्ते, असे अनेकांना वाटते. पण सुप्रीम कोर्टाने एस.एम.एस. फार्मास्युटिकल्स खटल्यात २००५ साली स्पष्ट केले की, गुन्ह्याच्या वेळी ती व्यक्ती कारभार पाहत होती व त्यास जबाबदार होती, हे फिर्यादीत लिहिले पाहिजे. नुसता हुद्दा पुरत नाही. चेकवर सही करणाऱ्याची गोष्ट वेगळी.

शेवटी कबुलीबद्दल. फक्त ५,००० रुपयांपर्यंत दंड असलेल्या किरकोळ गुन्ह्यात विशेष समन्स निघाले तर टपालाने कबुली व दंड पाठवता येतो. सोय चांगली आहे, पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. मग अपिलात आपण निर्दोष होतो हे सांगण्याची वाट बहुधा बंद होते. कोर्टात कबुली दिली तर ती शक्य तितकी आरोपीच्याच शब्दांत लिहून घेतली पाहिजे, असा कलम २७५ चा दंडक आहे. तेव्हा मराठी किंवा उर्दू, ज्या भाषेत आपल्याला नीट कळते तीत आरोप समजावून मागा. तारीख, वेळ, जागा, वस्तू आणि माणूस, या पाच गोष्टी कागदावर तपासा, आणि मगच 'हो' किंवा 'नाही' म्हणा.