झटपट सावरडो आणि चिमूटभर यीस्ट
सावरडो पावात दोन प्रकारचे जीव राबतात. पाव फुगतो तो मुख्यतः रानटी यीस्टमुळे. आंबटपणा आणतात ते दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंचे भाऊबंद. घाईत फुगवण्याचे काम बाजारच्या यीस्टकडे सोपवता येते, आंबटपणाचे नाही, कारण आम्ल साचायला वेळच लागतो. म्हणून झटपट कृतीत आम्ल आधीच साचलेले, बुडबुडे धरलेले आंबवण भरपूर घ्यावे: ५०० ग्रॅम मैद्याला २०० ग्रॅम, सोबत ३०० मिली पाणी, १० ग्रॅम मीठ, १ ग्रॅम कोरडे यीस्ट. उबेला तीन-चार तासांत पीठ चांगले फुगते. आकार देऊन तासभर ठेवावे आणि २२० अंशांवर खरपूस भाजावे.

ही लबाडी आहे, असे कोणी म्हणेल. पण फ्रान्सच्या १९९३ च्या नियमानेही आंबवणाच्या पावात, अखेरचे पीठ मळताना, पिठाच्या ०.२ टक्क्यांपर्यंत यीस्ट चालवून घेतले आहे. म्हणजे ५०० ग्रॅमला १ ग्रॅमच. (पावाच्या बाबतीत फ्रेंच काही उदार म्हणून प्रसिद्ध नाहीत.) खरा आक्षेप वेगळा आहे. लांबलेल्या आंबवणीत गव्हातले फायटेट घटते, लोह-जस्त अधिक शोषले जाते. तीन-चार तासांत ते तितके साधत नाही. पोषणासाठी, विशेषतः कणकेचा, सावरडो करणाऱ्याने रात्रभर थांबावे. न्याहारीला आंबूस पाव हवा असेल त्याने खुशाल घाई करावी.