कफ सुटा, बटण सुटं

खर्ड्याच्या लढाईची गोष्ट सांगताना तोफा येतात, नाना फडणवीस येतात, परशुरामभाऊ पटवर्धन येतात, रात्री किल्ल्यात जाऊन बसलेला निजाम तर हमखास येतो. बटणांचा विषय मात्र कुणी काढत नाही. तो काढायला हवा, कारण जामखेड तालुक्यातल्या या गावाशेजारच्या माळावर 11 मार्च 1795 ला जगातली भलतीच चमत्कारिक बटणं येऊन गेली.

निजामाच्या बाजूनं रेमंड नावाच्या फ्रेंच सरदाराचं कवायती पायदळ होतं. फ्रान्समध्ये राजाचं मुंडकं उडवून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झालेली. रेमंडच्या पलटणीनं फ्रेंच क्रांतीचं निशाण घेतलं होतं आणि शिपायांच्या डगल्यांच्या बटणांवर क्रांतीची खूण, म्हणजे ‘स्वातंत्र्याची टोपी’, कोरलेली असे. हे लिहून ठेवलंय इंग्रजांनी, कारण त्या बटणांची धास्ती त्यांनीच सगळ्यात जास्त घेतली. गंमत बघा, पगार निजामाचा, हुकूम निजामाचा आणि छातीवर ‘राजेशाही मुर्दाबाद’. 1798 मध्ये इंग्रजांनी हैदराबादेत ही फौज नि:शस्त्र करून मोडली, तेव्हा बटणंही गेली.

आणि समोर? मराठ्यांच्या बाजूनं शिंद्यांचे जे कवायती कंपू लढले, त्यांचा म्होरक्या पेराँ हाही फ्रेंचच. म्हणजे खर्ड्याला दोन्हीकडे फ्रेंच कवायत होती.

बंद कुठल्या बाजूला?

बाकी मराठी फौजेचा कारभार बटणाशिवाय चाले. अंगरख्याला बंद असत. कापडाच्याच दोन पट्ट्या, गाठ मारली की झालं. तुटलं तर घरची सुई पुरे. त्या काळी जाम्याचा, म्हणजे लांब अंगरख्याचा, बंद कुठल्या काखेत बांधलाय यावरून माणूस ओळखत. डावीकडे गाठ असेल तर हिंदू, उजवीकडे असेल तर मुसलमान. मुघलांच्या अमदानीतला हा रिवाज परदेशी प्रवाशांनीही टिपून ठेवलाय. आधारकार्ड काखेत घेऊन हिंडण्याचा प्रकार.

अशी बंदांनी बांधायची बाराबंदी अजून जिवंत आहे. खर्ड्याहून दक्षिणेला सोलापूर गाठा, तेही मकरसंक्रांतीला. सिद्धेश्वराच्या यात्रेत उंच नंदीध्वज पेलणारी मंडळी पांढरीशुभ्र बाराबंदी घालून निघतात. एवढ्या वजनाचा ध्वज कमरेवर तोलायचा तर अंगातला कपडा आवळून बसलेला हवा, आणि ते काम गाठीइतकं चोख दुसरं काही करत नाही. तान्ह्या बाळाच्या झबल्यालाही आपण बंदच लावतो. बटण टोचतं, आणि सुटलं तर सरळ तोंडात जातं.

भानगड मनगटाची

आता जरा सातासमुद्रापार. सदऱ्याचं सगळ्यात आधी काय मळतं? कॉलर आणि कफ. बाकी सदरा चार दिवस चालतो, हे दोन भाग संध्याकाळीच जाहीर करतात की मालक दिवसभर घामाघूम होता. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या हॅना माँटेग्यू या बाईंनी 1827 मध्ये यावर उपाय काढल्याचं सांगतात. नवऱ्याचा अख्खा सदरा रोज धुण्याचा वैताग आला, तेव्हा बाईंनी कात्री घेतली, कॉलरच कापून काढली, वेगळी धुतली आणि पुन्हा अडकवली. बघता बघता त्या गावाचा तो धंदाच झाला. ट्रॉयला आजही ‘कॉलर सिटी’ म्हणतात. तिथल्या कॉलर धुणाऱ्या आणि इस्त्री करणाऱ्या बायकांनी 1864 मध्ये केट मुलॅनी या तरुणीच्या पुढाकारानं संघटना बांधली, संप केला आणि मजुरी वाढवून घेतली. आपल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती 1890 मध्ये, म्हणजे त्या धोबिणी पाव शतक पुढं होत्या.

कॉलरमागून कफही सुटे झाले. कॉलरीला मान असते, तिथं ती टिकते. कफाला काय? मनगट निमुळतं, हात सतत हलता. खळ घालून पुठ्ठ्यासारखा कडक केलेला कफ बाहीत गोल फिरायचा, आत घुसायचा, नाहीतर हस्तांदोलन करताना समोरच्याच्या हातात यायचा. मग ‘कफ धरून ठेवणारी सुधारित कळ’ हा एकोणिसाव्या शतकातल्या खटपट्या माणसांचा आवडता उद्योग झाला. अमेरिकेच्या आणि इंग्लंडच्या पेटंट कचेऱ्यांत अशा कळींचे ढीग पडलेत.

बहुतेकींची रचना साधी. पितळेची किंवा निकेलचा मुलामा दिलेली छोटी पट्टी, एक टोक कफाच्या काजात अडकायचं, दुसऱ्या टोकाचा चिमटा बाहीचं कापड धरायचा. खरी कसोटी चिमट्याची. दाते धारदार केले तर कापड फाटतं, बोथट केले तर कफ घसरतो. वर उजव्या हाताची कळ डाव्या हातानंच लावावी लागते, म्हणजे एका हातानं उघडमीट झाली पाहिजे. या तीन अटींत सगळी ‘सुधारणा’ आली. हसू येतं, पण आज मोबाइलच्या कव्हरवर जेवढी डोकी चालतात तेवढी तेव्हा मनगटावर चालत होती.

अशाच खटपट्यांतला एक वॉल्टर हंट होता. 1849 मध्ये त्यानं सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि देणं फेडायला 400 डॉलरला विकून टाकलं. पुढं 1854 मध्ये त्यानंच कागदी कॉलरचं पेटंट घेतलं. धुवायचीच नाही, मळली की टाकायची. कागदी कॉलर मेली, सेफ्टी पिन मात्र आपल्या आया-मावश्यांच्या बांगडीत जाऊन बसली. लग्नाच्या मांडवात ऐन वेळी कुणाची निरी सुटली तर चार बांगड्या पुढं होतात आणि त्यातल्या तीन पिनांनी सजलेल्या असतात. पैसे विकत घेणाऱ्याला मिळाले, पुण्य हंटला.

कफात कापूर

कापडी कफाला पर्याय म्हणून सेल्युलॉइडचे कफ आले. खळ नको, इस्त्री नको, ओल्या फडक्यानं पुसला की चकचकीत. कारकून मंडळी तर त्यावर पेन्सिलीनं हिशेबही मांडत. हे सेल्युलॉइड बनतं नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्या मिश्रणातून. म्हणजे देवापुढं जाळायची वस्तू मनगटावर घालून साहेब सिगार पेटवत होता! ठिणगी पडली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

याच सेल्युलॉइडच्या लांब पट्ट्या केल्या आणि सिनेमा जन्माला आला. मुंबईत काळाघोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा, तोही याच ज्वालाग्राही पट्टीवर. हरिश्चंद्राची तारामती आणि साहेबाचा कफ एकाच मालातले, हे फाळक्यांनी ऐकलं असतं तर मजा वाटली असती त्यांना.

आणि त्याच वॉटसन हॉटेलात, त्याच वर्षी जानेवारीत कोण उतरलं होतं? मार्क ट्वेन. लेखक म्हणून सगळे ओळखतात, पण 19 डिसेंबर 1871 ला त्याच्या नावावर पेटंट क्रमांक 1,21,992 लागला. कशाचा? कपड्यांना लावायच्या, हव्या तशा लांब-आखूड होणाऱ्या सुट्या पट्ट्याचा. त्याला गॅलिसचा मनस्वी तिटकारा होता. पट्टा जाकिटाला, विजारीला आणि बायकांच्या कॉर्सेटलाही चालेल असं त्यानं अर्जात लिहिलं. पहिले दोन उपयोग लोक विसरले. तिसरा आज ब्राच्या मागच्या पट्ट्यात रोज दिसतो.

या पट्ट्यानं तो श्रीमंत झाला नाही. उलट, छापखान्यातले खिळे आपोआप जुळवणाऱ्या पेज नावाच्या यंत्रात त्यानं पैसा ओतला आणि बुडाला. कर्ज फेडायला जगभर व्याख्यानं देत फिरला, म्हणून तर मुंबईला आला.

इथं आपला माणूस आठवतो. शंकर आबाजी भिसे, जन्म मुंबईचा, 1867 चा. ‘हिंदुस्थानचा एडिसन’ म्हणून नाव झालं. किराणा मालाचं आपोआप वजन करणाऱ्या यंत्रानं त्यांना इंग्लंडात बक्षीस मिळवून दिलं, दादाभाई नौरोजींनी पाठ थोपटली. पुढं त्यांनीही आयुष्याची उमेदीची वर्षं घातली ती छापखान्याचे खिळे ओतण्याच्या यंत्रातच! यंत्र सरस, भांडवल अपुरं. जमशेटजींचे चिरंजीव रतन टाटा यांनी मदत केली, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शब्द टाकला, तरी लंडनमधला उद्योग जमला नाही. शेवटी अमेरिकेत गेले आणि 1935 मध्ये न्यूयॉर्कला वारले. माझं मत विचाराल तर ट्वेन आणि भिसे दोघांनीही शिशाच्या खिळ्यांचा नाद सोडून बटणांत लक्ष घालायला हवं होतं. लहान वस्तूत पैसा असतो.

खळ गळणारा बॅरिस्टर

सुट्या कॉलरीची सगळ्यात झकास गोष्ट गांधीजींच्या आत्मचरित्रात आहे. दक्षिण आफ्रिकेत वकिली करताना धोब्याचं बिल परवडेना. कपडे वेळेवरही येईनात. गांधींनी धुलाईचं पुस्तक आणलं, अभ्यास केला आणि स्वतः धुतलेली, स्वतः इस्त्री केलेली पहिली कॉलर लावून कोर्टात हजर झाले. खळ झाली होती जास्त आणि इस्त्री तापली होती कमी. जळण्याच्या भीतीनं दाबलीही नव्हती. भर कोर्टात कॉलरीतून खळीची पूड गळायला लागली आणि बरोबरीचे बॅरिस्टर हसून बेजार झाले. गांधींना त्याचं काही वाटलं नाही. उलट, एवढी करमणूक फुकटात झाली हे त्यांनी फायद्यातच धरलं.

हाच हात पुढं एका मराठी वस्त्राला लागला. 1912 मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. त्यांच्याजवळ एक उपरणं होतं, न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं. गोखले ते जिवापाड जपत, खास प्रसंगीच काढत. जोहान्सबर्गला त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती, उपरण्याला चुण्या पडलेल्या, धोब्याकडे पाठवायला वेळ नाही. गांधी म्हणाले, मी करतो इस्त्री. गोखल्यांनी सांगितलं की वकिलीत तुमच्यावर भरवसा आहे, धोबीकामात नाही. डाग पडला तर? गांधी हटून बसले आणि इस्त्री अशी बेताची केली की गोखल्यांनी पसंतीची पावती दिली. सारं जग नाही म्हणालं तरी आता फिकीर नाही, असं गांधींना त्या क्षणी वाटलं. कॉलरीवर शिकलेलं कसब उपरण्यावर उपयोगी पडलं.

अजून कोण घालतं?

सुटे कफ गेले, सुटी कॉलर मात्र आजही आपल्या डोळ्यांसमोर आहे. कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात सकाळी अकराला जाऊन उभे राहा. वकीलसाहेब मोटारसायकल लावतात, काळा कोट चढवतात आणि खिशातून पांढरा बँड काढून गळ्यात अडकवतात. पूर्वी त्याला मागं बटण असे, आता हूक किंवा वेल्क्रो. हे वेल्क्रोही एका स्विस माणसाच्या शिकारीच्या नादातून आलं. 1941 मध्ये रानातून परतल्यावर जॉर्ज द मेस्ट्राल यानं कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळं सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि त्यांच्या आकड्यांवरून वेल्क्रो बनवलं.

बँडचा मान केवढा? मे 2020 मध्ये कोरोनाच्या धास्तीनं सर्वोच्च न्यायालयानं वकिलांना कोट आणि गाऊन घालण्यातून तात्पुरती सूट दिली. पांढरा सदरा, पांढरी साडी किंवा सलवार-कमीज चालेल म्हणाले. पण पांढरा बँड हवाच! विषाणू आला, कोट गेला, खळीची पट्टी राहिली.

वेल्क्रो स्विस, तर ब्लाउजच्या टिचबटणाचं पेटंट जर्मन माणसाचं, हेरिबर्ट बाउअरचं, 1885 चं. प्रागच्या वाल्डेस कारखान्यानं ती जगभर खपवली ती चक्क ‘कोहिनूर’ या छापाखाली. हिरा आपला, इंग्रजांनी नेलेला, आणि नाव झेक बटणाला.

आपली तोड

साहेबानं कफ सुटा केला. आपल्या लोकांनी सदरा एकसंध ठेवला आणि बटण सुटं केलं. मला विचाराल तर हे जास्त शहाणपणाचं. कारण इथं सदरा धोपटला जायचा नदीकाठच्या दगडावर, आणि त्या माराखाली शिवलेलं बटण टिकत नसे. म्हणून नेहरू शर्टाच्या आणि सदऱ्याच्या पट्टीला दोन्ही बाजूंना काज पाडायचं आणि मधून बटणांची साखळी ओवायची. चांदीची तीन-चार बटणं, नाजूक साखळीनं एकमेकांना जोडलेली. एखादं निसटलं तरी बाकीची धरून ठेवतात, हरवण्याची सोयच नाही. धुवायच्या आधी साखळी काढून फळीवरच्या डबीत ठेवायची. पाटील-देशमुखांकडे हीच बटणं सोन्याची असत, जावयाला लग्नात दिली जात. पेटंट कुणी घेतलं नाही, सोनारानं घडवली आणि शिंप्यानं काजं पाडली. कफ धरणाऱ्या कळींच्या त्या असंख्य अर्जदारांना जे साधलं नाही, ते इथं एका साखळीत साधलं होतं. कापड फाटत नाही, कळ घसरत नाही आणि एका हातानं लागते.

आता तयार शर्टाला प्लॅस्टिकची बटणं मशीननं शिवून येतात, त्यामुळे या साखळ्या ट्रंकेत पडून असतात आणि चांदीचा भाव वाढला की मोडीत जातात. तुमच्या घरी आजोबांची अशी साखळी असेल तर सोनाराकडे नेण्याआधी एकदा शिंप्याकडे जा. सदऱ्याला दोन्ही बाजूंनी काज पाडून मागा आणि येत्या पाडव्याला घालून बघा.