क्लच गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की आमच्या पिंपळगाव-निफाड पट्ट्यात ट्रॅक्टर बंद पडलेला कुणालाच परवडत नाही. फुटवे निघालेले असतात, त्यात एखादा बेमोसमी पाऊस येऊन गेला की डावणी रोगाच्या धास्तीनं फवारणीचा ब्लोअर रात्रीसुद्धा बागेत फिरतो. नेमका याच दिवसांत माझ्या गॅरेजचा फोन वाजायला लागतो आणि वाक्य ठरलेलं असतं: "मिस्तरी, क्लच गेला. येताना प्लेटच घेऊन या."

मी प्लेट न घेता जातो.

बागेतले हे जुने छोटे ट्रॅक्टर १५ ते २५ अश्वशक्तीचे, नऊ-दहा फुटांच्या ओळीत तारांखालून निघतील असे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना एकच क्लच असतो. चाकांना जाणारी ताकदही त्यातून आणि मागच्या पीटीओवरून ब्लोअरला जाणारीही त्यातूनच. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर एक प्लेट, तिला मागून स्प्रिंगांनी दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पायडल दाबलं की रिलीज बेरिंग पुढं सरकतं, प्रेशर प्लेटचे फिंगर दाबतं आणि प्लेट मोकळी होते. एवढंच यंत्र. पण ते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध बंद असल्यामुळं बघायचं तर ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. म्हणून फोडण्याआधी बाहेरून जेवढं कळेल तेवढं कळून घ्यायचं.

पहिला प्रश्न मी मालकाला नाही, ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला विचारतो: चढाला ओढत नाही तेव्हा इंजिनाचा आवाज काय होतो? इंजिनही दबून मंद होत असेल तर क्लचला कशाला दोष देता, आधी डिझेल फिल्टर आणि एअर क्लीनर बघा. इंजिन भुंगाट पळतंय, गाडी मात्र रांगतेय आणि जळका वास येतोय, तर क्लच घसरतोय. खात्री करायची तर मोकळ्या जागेत, पुढंमागं कुणी नाही हे बघून, ब्रेक लॉक करून वरचा गिअर टाकायचा, इंजिनाला थोडी रेस द्यायची आणि पायडल हळूहळू सोडायचं. धड क्लच इंजिन बंद पाडतो. इंजिन चालूच राहिलं तर लगेच पायडल दाबा. चाचणी लांबवली की उरलीसुरली प्लेटही जाते.

तरीही पाना हातात घ्यायच्या आधी हातानं पायडल दाबून बघा. सुरुवातीची चाल हलकी लागते, मग बोटांना स्प्रिंगचं वजन जाणवतं. ती हलकी चाल म्हणजे प्ले. पुष्कळ छोट्या ट्रॅक्टरांना तो २० ते ३० मिलीमीटर लागतो; आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो. इथं भलेभले फसतात. वापरानं बाकीचे सांधे ढिले होतात तसा क्लचचा प्लेही वाढत असेल, असं त्यांना वाटतं. प्लेट झिजली की होतं उलटं. ती पातळ होते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, फिंगरांची आतली टोकं मागं येतात आणि बेरिंगला भिडतात. प्ले संपला की पायडलवर पाय नसतानाही बेरिंग फिंगरांना दाबत राहतं, स्प्रिंगांचा जोर कमी पडतो आणि चांगली प्लेटसुद्धा घसरते. अशा वेळी पायडलच्या रॉडचा लॉकनट ढिला करून प्ले परत दिला की काम भागतं. मालकाला मात्र ते खरं वाटत नाही. प्लेट न बदलता मिस्तरी उठला म्हणजे काहीतरी राहिलं, असा चेहरा असतो.

पावसाळ्यानंतरची तक्रार वेगळी. शेडमध्ये उभा राहिलेला ट्रॅक्टर चालू होतो, पण पायडल पूर्ण दाबूनही गिअर पडताना कर्रकर्र वाजतो. प्ले फार झालेला असतो, लिंकेजच्या पिनांची भोकं लांबट झालेली असतात, किंवा दमटपणानं प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असते. उभा करतानाच पायडल दाबून काठीनं अडकवून ठेवलं तर ही पाळी येत नाही.

प्लेटला तेल लागण्याचं दुखणं ओळखायला क्लचच्या कवचाच्या, म्हणजे बेल हाउसिंगच्या तळाशी एक बारीक भोक असतं. काही गाड्यांत त्यात स्प्लिट पिन लोंबते. ती हादऱ्यानं हलत राहून भोक मोकळं ठेवते. लोक ती वायफळ समजून काढतात आणि भोक चिखलानं बुजतं. चिखल काढा, खाली पुठ्ठा ठेवा आणि दुसऱ्या दिवशी थेंब बोटावर घ्या. काळं आणि पातळ असेल तर इंजिनाचं मागचं सील गेलंय. घट्ट, पिवळसर आणि गंधकासारखं वास मारत असेल तर गिअरबॉक्सकडचं. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलनं धुऊन बसवणारे मिस्तरी आहेत. चार दिवस चालते. सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही तेच तेल पिते.

फोडायची वेळ आलीच, तर आधी पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका. तो ॲक्सल मधल्या पिनवर झुलतो, आणि मागचा भाग सुटला की इंजिन कुशीवर कलंडतं. आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका. जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्यानं पुसा. नखानं अस्तर चाचपा, रिव्हेटची डोकी जवळजवळ सपाटीला आली असतील तर प्लेट संपली. फ्लायव्हीलवर निळे डाग असले तर ते लेथवर दाखवा. सगळे फिंगर एका उंचीला आणा, नाहीतर गाडी उचलताना थरथरते. रिलीज बेरिंग डिझेलमध्ये बुडवायचं नाही, आतलं ग्रीस निघून जातं. एवढं उघडलंच आहे तर बेरिंग आणि सील तेव्हाच बदलून घ्या. ट्रॅक्टर फोडायची मजुरी दोनदा कोण देणार?

राहिला चालवणारा पोरगा. ओळीच्या टोकाला वळताना ब्लोअर थांबू नये म्हणून तो पायडल अर्धं दाबून धरतो. प्लेट तिथं जळते. मी त्याला म्हणतो, "भाऊ, टोकाला आलास की रेस कमी कर, पायडल पूर्ण दाब आणि खालचा गिअर टाकून वळ." ब्लोअर क्षणभर मंदावतो, म्हणून त्याला ते आवडत नाही. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, टोकाच्या वेलींना फवारा कमी बसतो. मग टोकाला पंपानं मारा, हे माझं उत्तर. यावरून दर हंगामात वाद होतो.

नवी प्लेट बसवल्यावर पहिले काही तास रोटाव्हेटर लावू नका, हलक्या कामावर चालवा. आणि आठवड्यानं प्ले पुन्हा मोजा, कारण नवी प्लेट बसताना तो थोडा कमी होतोच.