जासईत ड्रोन उडवायचाय? रिमोटच्या आधी नकाशा उघडा

जासई : हळद, साखरपुडा, पालखी, क्रिकेटचे सामने, आता सगळीकडे वरून शूटिंग पाहिजे. त्यामुळे गावागावात पोरांच्या हातात कॅमेऱ्याचे छोटे ड्रोन दिसायला लागले. पण जासईचं आभाळ आता मोकळं राहिलेलं नाही. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि आपला भाग त्याच्यापासून १२ किलोमीटरच्या आत येतो. शिवाय बाजूला न्हावाशेवा बंदर.

ड्रोन नियम २०२१ नुसार आभाळाचे तीन भाग केलेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, लाल भागात केंद्र सरकारची. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये मोकळीक फक्त २०० फुटांपर्यंत, त्याच्या आत तीही नाही. आपलं शेत नेमकं कुठल्या रंगात येतं ते डिजिटल स्कायच्या नकाशावर त्याच दिवशी बघायचं, कारण रंग बदलतात. मोठ्या कार्यक्रमाच्या वेळी पोलिसांचा मनाई आदेश असतो, तो वेगळाच. नियम मोडला तर दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे.

"एवढंसं खेळणं, विमानाला काय होणार?" असं पोरं विचारतात. पक्षी मांसाचा असतो, ड्रोनमध्ये मोटर आणि बॅटरी असते. इंजिनात गेलं तर फरक कळतो. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर नुसता ड्रोन दिसल्याच्या बातमीवरून सुमारे हजार विमानांचं वेळापत्रक कोलमडलं होतं.

वजनावर बरंच काही ठरतं. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्याच्या वर २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, हौसेसाठी उडवला तर मायक्रोलाही नाही. पण मायक्रो ड्रोनने पैसे घेऊन लग्नाचं शूटिंग केलं की तो धंदा झाला, मग प्रमाणपत्र पाहिजे. नोंदणी करून नंबर मात्र नॅनोचाही घ्यायचा. दुकानदार हे सांगेलच असं नाही, म्हणून पैसे देण्याआधी नोंदणी होते का ते विचारावं.

शिकायला आधी मोबाईलवरचा सिम्युलेटर बरा, पडला तरी खर्च नाही. मग परवानगीच्या मोकळ्या मैदानात, माणसाच्या उंचीवर नुसतं स्थिर धरायला शिका. खरी गडबड होते ती ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळल्यावर, कारण डावं-उजवं उलटं होतं. तेवढंच आठवडाभर घोटलं तरी चालेल. ड्रोन कायम डोळ्यांना दिसला पाहिजे, स्क्रीनवर दिसतोय हे पुरत नाही.

'घरी परत ये' हे बटण दाबलं की ड्रोन ठरलेल्या उंचीवर जाऊन सरळ रेषेत येतो. ती उंची टॉवर आणि विजेच्या तारांपेक्षा कमी ठेवली असेल तर तो थेट तारेत जातो. बारीक तार सेन्सरलाही बऱ्याचदा दिसत नाही. उपग्रहाचं सिग्नल पक्कं झाल्याशिवाय उडवू नये, नाहीतर त्याला 'घर' कुठलं तेच कळत नाही. कंटेनर, लोखंडी शेड यांच्याजवळ होकायंत्र बिघडतं. दुपारी खाडीचा वारा वाढतो, म्हणून सकाळ चांगली. जाताना वारा पाठीमागे असला तर येताना बॅटरी दुप्पट खाते, त्यामुळे ३० टक्क्यांवर परत फिरा. घार घिरट्या घालत असेल तर खाली उतरवा, ती झडप घालते.

हळदीच्या गर्दीवर तर नकोच. पंखे थांबले तर तो दगडासारखा पडतो, आणि खाली लहान पोरं नाचत असतात. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, घरातही ठेवू नका.