‘तू कामात असशील म्हटलं’

कुणी बसमध्ये इयरफोन लावून ऐकत असेल, कुणी हॉस्टेलच्या गच्चीवर. आजचा विषय जरा घरचाच आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्यात आलो. गावाकडे माझा एक जिवलग मित्र आहे. नाव सांगत नाही, कारण तो हे ऐकणार आणि मला शिव्या घालणार. अकरावीपासून आमची रोजची संध्याकाळ रंकाळ्यावर. ठरवायचं काही नाही, सात वाजले की गाडी आपोआप तिकडं वळायची.

पुण्यात आल्यावर आधी रोज फोन. मग फक्त रविवारी. मग वाढदिवसाला. शेवटी नुसतं स्टेटस बघायचं आणि एक बदाम टाकायचा. गेल्या वर्षी तिसऱ्याच मित्राकडून कळलं, याचे वडील आठ दिवस दवाखान्यात होते. तेही तीन आठवड्यांपूर्वी. मी लगेच फोन लावला. “अरे, सांगितलं का नाहीस?” तो शांतपणे म्हणाला, “तू कामात असशील म्हटलं, भावा.”

भांडला असता तर परवडलं असतं. पण त्यानं मला पाहुण्यासारखं सांभाळून घेतलं, आणि तेच लागलं.

मग मी यावर थोडं वाचलं. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक हिशोब मांडला. ओळखीचा माणूस जवळचा मित्र व्हायला साधारण २०० तास तरी सोबत घालवावे लागतात. आमचा रंकाळ्यावरचा रोजचा एक तास धरला, तर सात महिन्यांत तेवढे झाले. आम्हाला कळलंही नाही, कारण ते तास फुकट मिळत होते. गाव सोडलं की हे फुकटचे तास संपतात. पुढचा प्रत्येक तास मुद्दाम काढावा लागतो.

दुसरे आहेत ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार. ते म्हणतात, आपल्या अगदी आतल्या वर्तुळात पाचेक माणसं मावतात, त्याबाहेरच्या वर्तुळापर्यंत मोजली तर पंधरा. डनबार आणि सॅम रॉबर्ट्स यांनी शाळा संपवून पुढं गेलेल्या ३० विद्यार्थ्यांकडं १८ महिने लक्ष ठेवलं. नातेवाईक फारसे दुरावले नाहीत, पण मित्रांशी संपर्क कमी झाला की जवळीक उतरत गेली. आणखी एक गंमत दिसली. मुलींची मैत्री टिकायला बोलणं जास्त कामी आलं, तर मुलांची टिकायला सोबत काहीतरी करणं.

म्हणजे माझ्याच बाबतीत काही आक्रीत घडलं नव्हतं. तरी चूक होतीच. मी ‘निवांत वेळ मिळाला की मोठा फोन करू’ म्हणत बसलो, आणि तो निवांत वेळ कधी आलाच नाही.

आता मी काय करतो, ते सांगतो.

एक, छोटं पण नेमकं लिहितो. ‘काय चाललंय?’ला उत्तर येतं ‘निवांत’, आणि विषय संपतो. त्यापेक्षा ‘काकांचं पथ्य चालू आहे का, की गुपचूप तांबडा रस्सा?’ असं विचारलं की तो पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवतो.

दोन, एक वेळ बांधून घेतली आहे. रविवारी सकाळी तो रंकाळ्यावर चालतो, मी इथं टेकडी चढतो, दोघांच्या कानात फोन. अर्धा वेळ कुणीच बोलत नाही. चालतं.

तीन, हिशोब ठेवत नाही. ‘मागच्या वेळी मीच केला होता’ हे मनात आलं तरी फोन लावतो. आणि दोन-तीनदा साद घालूनही समोरून काहीच आलं नाही, तर दार उघडं ठेवून थांबायचं. प्रत्येक मैत्री आतल्या पाचांत राहीलच असं नाही. पंधरात राहिली तरी ती मैत्रीच आहे.

आमचं सगळं पहिल्यासारखं झालं का? नाही. त्याचे नवे मित्र आहेत, त्यांचे विनोद मला कळत नाहीत. माझ्या ऑफिसच्या गोष्टी त्याला कंटाळवाण्या वाटतात. पण गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. काकांना पुन्हा दवाखान्यात न्यायचं होतं. “तू कामात असशील,” असं या वेळी तो म्हणाला नाही. म्हणाला, “फोन ठेवू नको.”

मी ठेवला नाही.

हा भाग संपला की लगेच पुढचा लावू नका. ज्याचं नाव ऐकता ऐकता डोक्यात आलं, त्याला एक ओळ पाठवा. इतक्या दिवसांनी काय वाटेल, हा विचार तोही तिकडं करत असेल. भेटू पुढच्या भागात!