आधी शब्द, मग यंत्र

‘कराओके’ हे एखाद्या जपानी कंपनीचं किंवा माणसाचं नाव असावं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं काही नाही. ‘कारा’ म्हणजे रिकामं. ‘कराटे’तलं रिकाम्या हातांचं ‘कारा’ही हेच. ‘ओके’ मात्र मुळात जपानी नाही. ऑर्केस्ट्राला जपानी माणूस ‘ओकेसुतोरा’ म्हणतो, त्याचं हे लघुरूप.

‘रिकामा ऑर्केस्ट्रा’ हा अर्थ शब्दाला धरून असला तरी त्याने भलतंच चित्र उभं राहतं. वादक सगळे हजर असतात, नसतो तो गायक. रेकॉर्डिंग आणि रेडिओवाल्यांच्या बोलीत नुसती साथसंगत भरलेल्या टेपला हे नाव होतं. आपल्याकडे ‘मायनस ट्रॅक’ म्हणतात, तेच हे.

यंत्राचे जनक म्हणून दाइसुके इनोउए यांचं नाव घेतलं जातं. कोबेच्या बारमध्ये ते गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करत. एका कारखानदाराला सहलीत गायचं होतं आणि साथीला इनोउएच हवे होते, कारण त्याचं तालात न बसणारं गाणं तेच सांभाळून घेत. इनोउएंना जाणं जमेना, म्हणून त्यांनी साथ टेप करून दिली. त्यावरून 1971 मध्ये त्यांनी मोटारीतला टेप, अॅम्प्लिफायर आणि माइक एका खोक्यात बसवला. नाणं टाका आणि गा. खोक्याचं नाव ‘एट ज्यूक’. पेटंट त्यांनी घेतलंच नाही, त्यामुळे पुढच्या अफाट धंद्यातलं फारसं त्यांच्या हाती लागलं नाही. 2004 मध्ये इग नोबेल शांतता पुरस्कार मात्र मिळाला, लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल! आमच्या सोसायटीच्या गणपतीत हे पुरतं पटतं.

पण पहिले तेही नव्हेत. टोकियोचे शिगेइची नेगिशी यांनी 1967 मध्येच असं यंत्र बनवलं होतं. विक्रेत्यांना ‘कराओके’ हे नाव नको होतं. शवपेटीला जपानीत ‘कान-ओके’ म्हणतात, आणि बारमध्ये कोण कशाला तो उच्चार करील? मग ते ‘स्पार्को बॉक्स’ म्हणून विकलं गेलं. नेगिशी 2024 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी वारले. पेटंट फिलिपिन्सच्या रोबेर्तो देल रोझारियो यांच्याकडे होतं, म्हणून कराओके फिलिपिनो, असंही कुणी म्हणतं. त्यांचं पेटंट खरं आहे, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये त्यांच्या बाजूने निकालही दिला. पण ती पेटंट 1980 च्या दशकातली.

मूळ गाण्यातून आवाज वजा केला की कराओके, हाही समज चुकीचा. सॉफ्टवेअरला ते आता जमतं. इनोउए आणि त्यांच्या साथीदारांनी मात्र एकेक गाणं पुन्हा वाजवून टेप केलं होतं. पडद्यावर सरकणाऱ्या ओळीही नंतरच्या. तेव्हा गाण्यांचं छापील पुस्तक एका हातात, माइक दुसऱ्या.